आज फादर काय बोलले?

खाडीवर पूल नव्हता आणि खाडीला माणसांचं बोलणं कळायचं, तेव्हाची ही गोष्ट. वसईकडच्या एका खाडीकाठी कायतान नावाचा नावाडी राहायचा. गाव अलीकडे, फादरांचं देऊळ पलीकडे. दर रविवारी तो गावाला मिस्सेला, म्हणजे देवळातल्या प्रार्थनेला पोचवायचा आणि स्वतः मात्र काठावरच राहायचा. ओहोटी लागली की होडी चिखलात रुतायची, म्हणून पाणी सरेल तशी तिला मागं ढकलत बसायचा. बाप गेला तेव्हा पोरवयातच वल्हं हातात आलं आणि धर्मशिक्षण सुटलं. ती रुखरुख त्याच्या मनातून कधी गेली नाही.

म्हणून परतीला लोक होडीत बसले की तो विचारायचा, "आज फादर काय बोलले?"

लोक पावसापाण्यावर बोलायला लागायचे. एकदा दुमिंगशेठ, गावातला मोठा बागायतदार, वैतागला. "अरे, पोरवयात धर्मशिक्षण संपवून दृढीकरण झालं, लग्न झालं, पोरांचीही लग्नं झाली. आता आम्हाला कसलं धर्मशिक्षण?"

"शेठ, सकाळी पेज प्यालात म्हणून दुपारी जेवायचं सोडता का?" कायतान म्हणाला. "सांगा ना, काय बोलले?"

"चांगलं बोलले."

असं म्हणतात, की होडी भर खाडीत थांबली. वारा होता, भरती होती, चौघांनी वल्ही मारली. पण ती तसूभर हलेना. शेवटी शेठ पुटपुटला, "मला झोप लागली होती." मग गावची सुईण फिलूमाय हिने आठवून आठवून सांगितलं, की एक मेंढरू हरवलं तेव्हा मेंढपाळ बाकीची सोडून त्याला शोधत गेला. कायतानचे डोळे भरून आले.

"माय, काठावर राहिलेल्यालाही तो शोधतो का गो?"

"शोधतो रे बाबा," फिलूमाय म्हणाली, आणि होडी चालू लागली.

त्या दिवसापासून मिस्सेत डुलकी काढायची कोणाची छाती झाली नाही. पण नशीब बघा, गाव ऐकायला लागलं आणि कायतानचेच कान गेले. लोक ओरडून सांगायचे, तो नुसती मान हलवायचा. एका रविवारी त्याने वल्हं खाली ठेवलं आणि ढसाढसा रडला. "आता मला कोण शिकवणार?"

तेव्हा दुमिंगशेठ उठला. एवढा मोठा माणूस, पण पोट सावरत होडीत रांगू लागला, डुकरांबरोबर शेंगा खाल्ल्याचं सोंग करू लागला. मग उठला आणि फिलूमायला बाप करून तिच्या पाया पडला. बापाचा पैसा उडवून पस्तावून घरी परतलेल्या उधळ्या पुत्राची गोष्ट! कायतानला ती सगळी कळली. तो हसला, रडला, आणि होडी वल्ह्याशिवाय काठाला लागली, असं म्हणतात.

पुढे दर रविवारी सोंग कोणी घ्यायचं यावरून भांडणं होऊ लागली. सोंग वठवायचं तर गोष्ट नीट कळायला हवी, म्हणून नातवंडं झालेली माणसं फादरांच्या ओसरीवर जाऊन विचारू लागली, "तो शोमरोनी कोण? वाटेवरच्या जखमी परक्यासाठी तोच का थांबला?" कायतान मरेपर्यंत शिकत राहिला आणि त्याला शिकवता शिकवता गावही शिकलं.

आता पूल झालाय. पण कायतानच्या आठवणीच्या रविवारी परतताना पुलावर कोणी बोलत नाही. त्या दिवशी देवळात वाचलेली शुभवर्तमानातली गोष्ट हातवाऱ्यांनी दाखवायची, मगच पूल ओलांडायचा. ज्याला जमत नाही, तो देवळात जाऊन पुन्हा वाचून येतो. एका वर्षी खुद्द नवे फादरच अडले आणि माघारी वळले. ते परत येईपर्यंत सगळं गाव पुलावर थांबलं होतं.