वाघबीळच्या चढावर

"पॉइंट घासलेस?"

"घासले. मग बदललेच."

"कंडेन्सर?"

"तोही नवा."

"कॉइल?"

"नवी. प्लग नवे, वायरी नव्या. डिस्ट्रिब्युटरची टोपीसुद्धा नवी."

हुसेन वस्तादांनी मान डोलावली. "म्हंजे मेकॅनिक तेवढा जुना ऱ्हायला."

भालचंद्र इंगवले हसला, पण आतून चरफडला. पुण्यात त्याला जुन्या गाड्यांचा डॉक्टर म्हणत. लोक महिनोन्‌महिने नंबर लावून थांबत. आणि त्याची स्वतःची लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स कार मात्र चढाला लागून तापली की दगा द्यायची. डॉक्टरच्या घरीच आजार म्हणतात तो असा.

गाडीही ऐरीगैरी नव्हती. कोल्हापुरात वस्तादांच्या हाताखाली असताना इंजिन पेटवणारी ठिणगी कशी बघायची, हे तो याच गाडीवर शिकला होता. तेव्हा ती एका सरदारांची होती. पुढं सरदार गेले, गाडी भंगारात गेली. भालचंद्रनं ती हुडकून काढली आणि पुन्हा उभी केली. कशासाठी? तर वस्तादांना एकदा शेजारी बसवून पन्हाळ्याला न्यायचं होतं.

उद्या वस्ताद कोल्हापूरच्या या गॅरेजला कुलूप घालून लेकीकडं हुबळीला निघायचे होते. कायमचे. त्यामुळं जे काय करायचं ते आजच.

"बंद कुठं पडती?"

"वाघबीळच्या चढावर. पन्हाळ्याला चाचणीसाठी नेली की दरवेळी तिथंच."

"मग तू काय करतोस?"

"गाडीवर कापड टाकतो आणि माझ्या गॅरेजच्या पोरांना फोन लावतो. ती टो करून पुण्याला नेतात. गॅरेजमध्ये तपासावी तर ठिणगी निळीशार. नाव ठेवायला जागा नाही!"

"तिथंच बॉनेट का उघडत न्हाईस?"

भालचंद्रला माणसं ओळखत होती. इंगवल्यांची गाडी रस्त्यात पडली, ही बातमी तो पोचायच्या आधी पुण्यात पोचली असती. कापड टाकून तो चार हात लांब उभा राहायचा, जशी काही ती दुसऱ्याच कुणाची गाडी.

वस्ताद काठी टेकत उठले. "चल."

"वस्ताद, बंद पडेल ती."

"पडू दे की. तिला बघायलाच तर निघालोय."

निघाले दोघं. गाडीचं छत दुमडून खाली घेतलं होतं. वस्तादांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पांढरे केस वाऱ्यावर सोडून दिले. तापल्या तेलाचा तोच वास, चामड्याच्या सीटची तीच करकर. वस्तादांचा हात डॅशबोर्डवरून फिरत होता. भालचंद्रला एकदम वाटलं, आपण पुन्हा विशीतले झालो, अजून सगळं शिकायचं बाकी आहे. त्याला फार बरं वाटलं.

वाघबीळचा चढ लागला. इंजिन एकदा खोकलं, दोनदा अडखळलं, आणि गप्प झालं.

भालचंद्रनं सवयीनं गाडी झाकायचं कापड मागून ओढलं. वस्तादांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं, चौपदरी घडी घातली, रस्त्याकडेच्या गवतावर पसरली आणि वर मांडी ठोकून बसले.

"वस्ताद, ते कापड..."

"गवत टोचतंय मला. तू तुझं काम कर."

पन्हाळ्याला निघालेली जीप हळू झाली. आतून कॉलेजची पोरं ओरडली, "काका, धक्का मारू काय?" एकानं तर मोबाइलही बाहेर काढला.

भालचंद्रचे कान तापले. धरणी दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते त्याला तेव्हा कळलं. पण वस्ताद काही उठेनात. शेवटी त्यानं बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, कॉइलची जाड वायर इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं पॉइंट उघडून बघितले.

"कशी हाय ठिणगी?" वस्तादांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"पिवळी. मरतुकडी. आणि पॉइंटवर मात्र नुसती आग उडतेय..."

"मग?"

"कंडेन्सर." भालचंद्रनं त्या डबीला बोट लावलं आणि चटका बसून मागं घेतलं. "पण तो कोरा करकरीत आहे, वस्ताद! आत्ता खोक्यातून काढून लावलेला!"

"नव्याला ताप येत न्हाई व्हय?"

उघडझाप करणाऱ्या पॉइंटवरची आग गिळून ठिणगीला जोर द्यायचा, हे त्या अंगठ्याएवढ्या डबीचं काम. गार असली की इमानानं करायची, तापली की अंग काढून घ्यायची. टो होऊन गॅरेजात येईपर्यंत गाडी पार निवलेली असे. ताप उतरल्यावर नाडी बघत होता तो, दरवेळी.

दोष सापडला, पण करणार काय? पेटीत झाडून सगळं होतं, कंडेन्सर तेवढा नव्हता.

एक दूधवाला रिकाम्या किटल्या खडखडवत जुनाट स्कूटरवरून चालला होता. तो आपणहून थांबला. "काय झालं, पाव्हणं?"

भालचंद्रनं बॉनेटमधून मान वर काढली. "कंडेन्सर गेलाय. अडकलोय."

"स्कूटरचा चालंल का? माझी ही बया सारखी खाती, म्हणून एक जादा ठेवतोय डिकीत."

बाहेरून तार जोडली, डबी इंजिनाला आवळली. स्टार्टर मारला आणि लाल गाडी पहिल्याच हाकेला बोलली. दूधवाला टाळी वाजवून हसला, "आयला, एवढी राणीसरकार, आन्‌ स्कूटरच्या डबीवर चालती!"

भालचंद्रही हसला. यावेळी मनापासून.

तेवढ्यात खालून येणाऱ्या टेम्पोतून एक म्हातारा ड्रायव्हर उतरला. डोळ्यांवर हात धरून त्यानं गाडी न्याहाळली, मग वस्तादांना. "ही तर आमच्या सरदारांची गाडी! आन्‌ वस्ताद... तुम्ही? अजून हाईसा?"

"हाय की. बस."

ड्रायव्हर त्याच कापडावर बसला. जुन्या गाड्या निघाल्या, जुने घाट निघाले, हयात नसलेली माणसं निघाली. दूधवाला किटली पालथी घालून ऐकत बसला. मघाची जीप परत फिरली होती. पोरं खाली उतरून बॉनेटमध्ये डोकावत होती, हे काय, ते काय, विचारत होती.

ऊन कलायला लागलं. भालचंद्रनं घड्याळ बघितलं. पन्हाळा अजून लांब होता आणि सकाळी वस्तादांची हुबळीची गाडी होती. त्यानं बॉनेटला हात घातला.

"निघूया ना, वस्ताद? अंधाराच्या आत वर पोचायला पाहिजे..."

वस्तादांनी त्याच्याकडं बघितलंही नाही.

"झाकू नकोस इतक्यात, भाल्या. आत्ता कुठं माणसं थांबायला लागल्याती."