राखेवरची पावलं

एका खाडीकाठच्या गावात जिवाजी नावाचा एक माणूस राहत होता. माणूस कष्टाळू, पण भारी संशयी. आरशात बघितलं तरी 'हा कोण आला?' म्हणून विचारील असा. त्याचा सगळ्यात मोठा संशय शेजारच्या अनंतावर. दोघांच्या परसांमध्ये कमरेएवढा दगडी गडगा, आणि गडग्याच्या अलीकडे जिवाजीची वेलची केळ. यंदा तिला घड धरला होता. लेक केशर लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरपणाला यायची होती, आणि हा घड जिवाजीनं तिच्यासाठी जपला होता.

नेमकी तेव्हाच गावपळण आली. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होई आणि सगळा गाव गुराढोरांसकट, कोंबड्याकुत्र्यांसकट खाडीपलीकडे राहायला जाई. तीन दिवस गावात माणूस औषधालाही उरत नसे. घड अजून भरायचा होता, तोडून नेण्यात अर्थ नव्हता. मग निघता निघता जिवाजीनं चुलीतली राख आणून केळीभोवती पसरली. 'येऊ दे आता अनंताला. पाऊल उमटल्याशिवाय राहत नाही,' असं तो मनाशी म्हणाला.

खाडीपलीकडे मांडव पडले, चुली पेटल्या. संध्याकाळी येसूआजीनं पोरांना विचारलं, "आपण परत गेलावच नाय, तर गावाचा काय होतला?"

पोरं सांगू लागली. खळ्यात गवत वाढेल. कौलांवर वेल चढतील. वानरं देवळात झोपतील. दारं वाळवी खाईल, भिंतींची वारुळं होतील, आणि इथे गाव होता हे कुणाला सांगून पटायचं नाही.

"आणि माझो घड अनंत घेऊन जातलो," जिवाजी मध्येच बोलला.

येसूआजीनं त्याच्याकडे बघितलं. "अरे, माणूसच नाय उरलो, तर अनंत खयसून येतलो?"

सगळे हसले. अनंतही हसला. पण जिवाजीला ते हसणं काही बरं वाटलं नाही. हसतो म्हणजे नक्की याच्या मनात काहीतरी आहे, असं त्याला वाटलं.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता अनंत जागेवर दिसला नाही. झालं. जिवाजीनं तांब्या उचलला, परसाकडे जाऊन येतो असं सांगितलं, आणि देवाची आज्ञा मोडून ओहोटीच्या चिखलातून थेट गावात शिरला.

गाव आपलाच, पण त्याला ओळखू येईना. देवळासमोर मोर फिरत होते. विहिरीच्या काठावर घोरपड ऊन खात पडली होती. जिवाजीच्या खळ्यात एक भेकर पाडसाला पाजत उभी होती. त्याची चाहूल लागताच मोर उडाले, घोरपड दगडात शिरली. भेकर तेवढी जागीच थबकली. पाडसाला पाठीशी घालून, कान टवकारून ती त्याच्याकडे बघत राहिली. ती नजर जिवाजीनं ओळखली. गडग्यावरून तो अनंताकडे रोज तसंच बघायचा. मग तीही पाडसाला घेऊन रानात पळाली, आणि एवढ्या मोठ्या गावात जिवाजी एकटा उरला.

तो केळीपाशी गेला. पाखरांनी एक फणी टोचली होती, बाकी घड जागच्या जागी होता. राखेत खारीची पावलं होती, उदमांजराची होती, मोराची होती. माणसाचं पाऊल एकच होतं, आत्ता त्यानं स्वतः टाकलेलं.

जिवाजीला फार लाज वाटली. घडाला हातही न लावता तो माघारी फिरला.

खाडीपलीकडे अनंत जाळं झटकत बसला होता. पहाटेच मासे धरायला गेला होता तो. त्यानं जिवाजीच्या पायांकडे बघितलं. पोटऱ्यांपर्यंत चिखल होता, आणि चिखलात राख मिसळली होती.

"काय रे, चोर गावलो?"

"गावलो," जिवाजी म्हणाला आणि पाय धुवायला पाण्यात उतरला.

गाव परतला, केशर आली, घड उतरला. जिवाजीनं त्यातली एक फणी गडग्यावर ठेवली. कुणासाठी, ते बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ती तिथे नव्हती. अनंतानं नेली की वानरांनी, कोण जाणे. जिवाजीनं या खेपेला राख पसरली नव्हती.

तात्पर्य: चोर शोधायला निघालेल्यानं आधी आपले पाय बघावेत. माणसावाचून पृथ्वीचं काही अडत नाही, पृथ्वीवाचून माणसाचं अडतं. म्हणून तिच्या घरी मालकासारखं नव्हे, पाहुण्यासारखं राहावं.