ऐरावतरावांची जहागीर

पट्टा काही पुरेना! तिघांनी ओढला, चौथ्यानं गुडघा लावला, तरी चांदीच्या खोगिराचा पट्टा ऐरावताच्या पोटाला वीतभर कमीच!

हा ऐरावत म्हणजे हत्ती नव्हे बरं का. कमरेएवढा बुटका घोडा! पण शार्दूलराजांचा असा लाडका, की राजांनी त्याला चक्क सरदारकी दिली होती. सरदार म्हटल्यावर मुदपाकखान्यातून दोन वेळा थाळी आलीच. भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी, तूपगुळाचा मलिदा, सणावाराला जिलब्या. दिवाळीचा फराळ तर त्यानं राजांच्या बरोबरीनं हाणला होता, आणि दोघांच्याही अंगी लागला होता.

"रायाजी!" राजे घोडा राखणाऱ्या मोतद्दारावर कडाडले. "गुढीपाडव्याच्या मिरवणुकीत सरदार हेच खोगीर घालून पुढे चालतील. पट्टा तिसऱ्या भोकात बसला पाहिजे! नाही बसला तर बिऱ्हाड उचलायचं आणि गड सोडायचा. आणि खबरदार! त्यांच्या मानात तीळभर उणं झालेलं आम्हाला खपणार नाही!"

रायाजी कपाळ धरून घरी आला. "खाऊ घाल आणि बारीक कर म्हणे! पोरी, असला हुकूम माझ्या बापजन्मात ऐकला नव्हता."

ही पोर म्हणजे हौसा, त्याची लेक. या घोड्याला तिनंच हातावर वाढवलं होतं.

दिवाण भास्करपंतांनी तोड काढली. "सरदारांनी उपवास धरावेत! उपवासात कसला आलाय अपमान?" झालं! एकादशीला साबुदाण्याची खिचडी आली, रताळ्याचा कीस आला, राजगिऱ्याचे लाडू आले, वर डझनभर केळी. एकादशी अन् दुप्पट खाशी! महिन्याभरात पट्टा आणखी चार बोटं मागे सरला.

त्या संध्याकाळी हौसानं ऐरावताच्या कुशीवरून हात फिरवला. रायाजी नेहमी सांगायचा, घोड्याची बरगडी हाताला लागावी, डोळ्याला दिसू नये. इथं हात नुसता कणकेत बुडाल्यासारखा बुडत होता. तबेल्यापासून हौदापर्यंत जाताना ऐरावत दोनदा धापा टाकत थांबला. हौसाला रडूच फुटलं. "मेल्या, लाडानं मरशील की रे!"

सकाळी ती तडक दरबारात उभी राहिली.

"सरकार, लोक आपल्या सरदारांची टिंगल करतात!"

"कुणाची एवढी छाती?"

"सगळ्यांचीच! म्हणतात, जहागीर नाही तो सरदार कसला? दोन्ही वेळा राजाच्या दारात जेवतो, त्याला सरदार म्हणायचं की आश्रित?"

राजे ताडकन उठले. "अरे, खरंच की! पंत, जहागीर लिहा!"

पंतांनी जड हातानं लेखणी उचलली. आता कुठली बागायत हातची जाते कोण जाणे!

"समोरची बोडकी टेकडी चालेल, सरकार," हौसा नम्रपणे म्हणाली. पंतांनी तिचं वाक्य संपायच्या आत शिक्का मारला.

"आणि रिवाजाप्रमाणे धन्यानं जहागिरीची पाहणी रोज जातीनं करायची ना?"

"अलबत!" राजे म्हणाले. स्वतःचं राज्य त्यांनी पालखीतून खाली उतरून कधी पाहिलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवसापासून हौसा पुढं आणि सरदार मागं. टेकडीवर वाळकं गवत, एक झुबका इथं तर दुसरा पार तिकडं. पाणी पायथ्याच्या झऱ्यावर. चरायला वर, प्यायला खाली! चाटायला हौसानं मिठाचा खडा ठेवला होता, तोही थेट माथ्यावर. पहिल्या दिवशी ऐरावत तिसऱ्याच धोंड्याशी अडून बसला आणि गडाकडं बघत खिंकाळला.

"उठा सरदार, सारा वसूल करा!" हौसानं शेपटीला हात घातला.

थाळी तिनं त्याच दिवशी परत पाठवली. "अगं, मुंडकं उडवतील!" रायाजी ओरडला. पण आचाऱ्यानं ब्र काढला नाही. रोज दोन थाळ्या तोच बसून चेपत होता!

पाडवा उजाडला. पट्टा तिसऱ्या भोकात गेला, ओढला तर चौथ्यातही गेला! ऐरावत कान टवकारून असा दुडदुडला, की लोकांनी टाळ्या पिटल्या. राजे खूश झाले. मग त्यांची नजर आचाऱ्याच्या सुटलेल्या पोटाकडं गेली.

"हौसा! थाळी कोण खात होतं?"

"सरदार नाही, सरकार. पहिल्याच दिवशी मी परत धाडली."

सनई थांबली. रायाजीनं डोळे मिटले.

"आमच्या सरदाराचा अपमान?"

"अपमान होऊ नये म्हणूनच, सरकार! जहागीरदार मुदपाकखान्यात जेवायला आला असता, तर गाव काय म्हणालं असतं? राजानं नापीक टेकडी माथी मारली, बिचाऱ्याचं पोटसुद्धा भरत नाही! मग मान कुणाचा गेला असता? सरदारांचा की आपला?"

राजांनी पंतांकडं पाहिलं. पंत आभाळाकडं बघत होते. आणि मग राजे जे हसायला लागले म्हणता! पोट गदगदा हललं आणि त्यांचाच कमरपट्टा तट्कन तुटून पंतांच्या पायाशी पडला.

"रायाजी, तुझी नोकरी कायम! हौसा, हे घे सोन्याचं कडं. आजपासून पागेतल्या एकूण एक घोड्याची चंदी तुझ्या हुकमानं!"

शेजारीच उभ्या असलेल्या राणीसाहेबांनी तुटका पट्टा उचलला, राजांच्या पोटाला लावून पाहिला आणि हौसाला जवळ बोलावलं.

"काय गं, त्या टेकडीशेजारी आणखी एखादी टेकडी रिकामी आहे का? यांनाही जहागीर द्यायची आहे!"