खारूताईची हाक

फार पूर्वी एका रानात सगळ्यांचे निरोप एकटा कावळाच पोचवायचा. ओळखीसाठी त्याने प्रत्येकाला एकेक हाक ठरवून दिली होती. खारूताईची हाक होती ‘टिकटिक टूक’. नदीपलीकडे दिलेली तिची लेकही त्याच हाकेवर निरोप धाडायची.

पण निरोप नेणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून कावळा माजला. सकाळचा निरोप तिन्हीसांजेला आणायचा, वर डोळे वटारायचा. पुढे बुलबुलही निरोप नेऊ लागला, तशी खारूताई कावळ्याला म्हणाली, “मी आता बुलबुलाकडे जाते.”

“खुशाल जा. हाक तेवढी ठेवून जा, ती माझी आहे.”

खारूताईच्या मनात आलं, हाकच गेली तर लेकीचा निरोप कुठला पोचायला? ती तडक न्यायनिवाडा करणाऱ्या कासवआजोबांकडे गेली.

आजोबांनी कावळ्याला बोलावून विचारलं, “टिकटिक टूक म्हटलं की ओ कोण देतं? तू का ही?”

“ही,” कावळा पुटपुटला.

“मग हाक तिची. ती जाईल तिथे तिच्यासोबत जाईल.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच कावळा ढोलीशी हजर. “ताई, लेकीला काही निरोप?”

खारूताईने निरोप त्यालाच दिला. बुलबुल चकित होऊन म्हणाला, “ताई, राहायचंच होतं तर भांडलात कशाला?”

“अरे, मला जाता येतं, म्हणून तर तो वेळेवर आला.”