परीच्या पंखांवरची दगडधूळ

काळ्या डोंगराच्या कुशीत पाथरवटांची इवलीशी वस्ती होती. दिवसभर छन्नीवर हातोडा पडायचा, टण् टण् टण्, आणि दगडातून जाती, पाटे, वरवंटे जन्माला यायचे. त्याबरोबर बारीक धारदार कपच्याही उडायच्या. त्या मेल्या कुणाची दयामाया करत नसत.

येसू आठ वर्षांची. तिला आई नव्हती. बाबा होता, लिंबाजी, आणि बाबाला डोळा एकच होता. दुसऱ्यात गेल्या साली कपची रुतली. वस्तीत कुणाच्या डोळ्यात काही गेलं की बाबाची थोरली बहीण ठकूआत्या ते जिभेच्या टोकाने काढायची. ती तिची माया. तिने भावाचाही डोळा तसाच साफ केला. चार दिवसांत त्यात पू झाला आणि डोळा गेला. सगळ्यांनी दगडाला शिव्या दिल्या.

तेव्हापासून बाबा कामाला बसला की येसू दारातून त्याच्याकडे बघत बसायची. हाही डोळा गेला तर बाबाला आपण कध्धीच दिसणार नाही!

एकदा ती दोन टेकड्या ओलांडून झऱ्याचं पाणी घेऊन येत होती. करवंदीच्या जाळीत काहीतरी लुकलुकलं. पाहते तो काय, बोटभर उंचीची परी! तिचे मोरपंखी, निळेजांभळे पंख दगडधुळीने माखले होते. बिचारीला उडता येईना.

येसू परकराच्या टोकाने पंख पुसायला गेली.

"पुसू नकोस गं," परी कळवळली. "कण घासले की पंख फाटतील. नुसती पाण्याची धार सोड."

येसूने हळूहळू सगळी कळशी रिती केली. घरी बोलणी बसणार होती, तरीही केली. पंख पुन्हा झळझळले.

"माग काय हवं ते," परी हसली.

"बाबाचा गेलेला डोळा दे."

परीचं हसू मावळलं. "गेलेला डोळा आमच्या राज्यातही कुणाला परत आणता येत नाही, बाळे."

येसू हमसून हमसून रडली. मग म्हणाली, "मग उरलेला तरी राहू दे."

"राहील. पण नियम ऐक. डोळ्यात धूळ गेली तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचं. कपची रुतली तर बोट, पदर, जीभ, काहीच लावायचं नाही. ही वाटी वरून झाकायची, दाबायची नाही, आणि थेट डॉक्टरांकडे जायचं. एकदा जरी नियम मोडला, तर माझा वर विझला."

तिने येसूच्या तळहातावर चिमुकली चंदेरी वाटी ठेवली.

आठवडाभराने बाबाची किंकाळी ऐकू आली. येसू धावली. उरलेल्या डोळ्यात कपची रुतून बाबा जमिनीवर बसला होता आणि ठकूआत्या त्याचं तोंड वर करत होती.

येसू मध्ये घुसली. तिने बाबाच्या डोळ्यावर वाटी धरली.

"सर बाजूला! शंभर डोळं साफ केल्यात म्या या जिभंनं!"

"न्हाई सरणार!"

आत्याने फाडकन तिच्या थोबाडीत दिली. येसूचा हात हलला नाही.

"आत्या," ती रडत म्हणाली, "पहिला डोळाबी तूच साफ केला हुतास."

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिनेच ओरडून बैलगाडी जुंपायला लावली.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कपची काढली. "कुणी हात लावला नाही म्हणून डोळा वाचला," ते म्हणाले. आत्या भिंतीकडे तोंड करून उभी होती.

पट्टी सुटली तेव्हा बाबाने येसूचा चेहरा जवळ ओढला.

"येसू, तुझ्या नाकाला धूळ लागलीय गं."

येसू रडत रडत हसली. तेवढ्यात खिडकीत परी आली. "थोबाडीत खाऊनही नियम पाळलास," ती म्हणाली. तिने आपले पंख अलगद उतरवून ठेवले. त्यांचा झाला काचेचा लखलखीत चष्मा, कपची अडवणारा. आणि परी सोनेरी उजेड होऊन विरून गेली.

आता बाबा चष्म्याशिवाय छन्नीला हात लावत नाही. चष्म्याची दोरी रोज सकाळी ठकूआत्याच बांधते. गाठ पक्की बसली का, ते दोनदा ओढून बघते.