तळणखेडचे बिनशेंदराचे चाक

नारळ पिशवीतच राहू द्या. हार घातलात तर मीच काढून फेकीन. तळणखेडच्या जुन्या जिनिंगमधले हे ओतीव लोखंडाचे चाक दोन पुरुष उंच आहे. कडेचा पसाभर तुकडा उडालेला आहे आणि तिथून एक भेग आत गेली आहे. येणारा प्रत्येक जण आधी हात जोडतो आणि मग भेग का बुजवली नाही, असे विचारतो. दोन्हींचा मला संताप येतो. तरी सांगतो.

हकिकत माझ्या आज्याच्याही आधीची. तेव्हा हे चाक वाफेवर फिरे आणि त्याच्या पट्ट्यावर सरकी काढणारी सगळी यंत्रे चालत. इंजिन उकंडा मिस्त्रीच्या हाती होते. ऐन हंगामात चाकाचा तुकडा उडाला आणि उकंडा जागीच गेला. चिता विझते न विझते तोच मालक शेंदराचा डबा घेऊन हजर! चाकातल्या देवीने बळी घेतला, आता ती शांत होईल, असे तो म्हणाला म्हणे, आणि तुटक्या कडेवर त्याने स्वतःच्या हाताने शेंदूर थापला. गावानेही मुकाट्याने नारळ फोडले. लाज वाटते सांगायला.

उकंडाची बायको पंचफुला. देवीने हिचे कुंकू मागून घेतले, म्हणून बाया तिच्या पाया पडू लागल्या. तिने तेही सोसले. पण मालकाने तिच्या दिराला, सुकदेवला, त्याच इंजिनावर बोलावले, तेव्हा ती जिनिंगच्या दारात आडवी उभी राहिली.

"आधी मले चाक उघडं पाहू द्या, मंग दिराले पाठवतो."

कोणी पुढे होईना. तिने विळा घेतला आणि शेंदूर खरवडायला लागली. त्या वेळी चाक कण्हले, असे सांगतात. मला विचाराल तर लोखंडावर विळा घासला की तसाच आवाज येतो. शेंदराखाली काळा रंग निघाला. रंगाखाली, भेगेत, रंगारी लाकडात भरतात ती लांबी चोपून भरलेली होती; तुकडा जिथून तुटला त्या कडेच्या आतल्या अंगालाही तीच वाळून चिकटलेली होती. म्हणजे तुकडा उडण्याआधीच भेग कोणाला तरी दिसली होती आणि झाकलीही होती.

पंचफुलेने मालकाचे मनगट धरले आणि त्याचे बोट भेगेत घातले.

"हे देवीनं भरलं काय?"

सगळे गाव उभे होते. मालक खाली बघून म्हणाला, "हंगाम बुडाला असता, बाई."

एवढेच! सुकदेवने भट्टीतले निखारे ओढून बाहेर काढले. त्यानंतर इथे वाफ धरली गेली नाही.

मध्यंतरी शहरातून अभियंते आले. त्यांनी गंज काढला, झडपा घासल्या, बेअरिंगे बसवली, काम जीव लावून केले. पण भेग भरून वर चंदेरी रंग द्यायचा म्हणाले, तेव्हा गावाने त्यांचे डबे उचलून रस्त्यावर ठेवले.

आजही खांडेनवमीला आम्ही चाक पुसून, तेल देऊन हाताने एक फेरा फिरवतो. त्याआधी पंचक्रोशीत ज्याच्या हाताखाली माणसे राबतात, त्या प्रत्येकाने भेगेत बोट घालायचे. यंदा नव्या सूतगिरणीचे मॅनेजर बोटाला रुमाल गुंडाळून आले. सुकदेवची पणती त्याच गिरणीत काम करते. तिने सगळ्यांदेखत त्यांना रुमाल काढायला लावला.