भुलवणारीला काय म्हणावं?

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. शालनने कडेवर धडपडणाऱ्या दोन वर्षांच्या चिंगीला खाली सोडलं आणि स्वतः टेकायच्या आधीच विचारलं,

"बाबा, दुसऱ्याच्या लेकराला भुलवून नेणारीला काय म्हणतात?"

जमालशाबाबा दर्ग्याची पायरी झाडत होते. केरसुणी थांबली.

"तू काय म्हणतेस, बेटी?"

"मी म्हणते फूस लावणारी. सासूबाई म्हणतात चाळवणारी. पण तुम्ही जो शब्द द्याल तोच आळीत चालेल. मग हौसाला कुणी उंबरा चढू देणार नाही."

"हौसा कोण?"

"शेजारीण. पोटी लेकरू नाही. तीन दिवस झाले, ही माझी पोर माझ्याजवळ येईना. सारखी तिच्याच मांडीवर! गुळाचं आमिष दाखवते मेली."

"आमिष..." बाबांनी शब्द तोंडात घोळवला. "गळ टाकणाराही दाखवतो. पण तो मासा खातो. हौसा काय खाते?"

शालनने पदर सावरला.

"खात... काही नाही. स्वतःच्या चहातला गूळ देते."

"मग हा शब्द काही बसेना. दुसरा काढ."

"नादी लावणारी म्हणा! पोरीनं आईला सोडलं, बाबा. मी हाक मारली की तोंड फिरवते. उद्या आई म्हणून ओळखेल तरी का?"

बाबांनी शिरनीच्या, दर्ग्यातल्या प्रसादाच्या, ताटलीतला गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवला.

"तू दे."

"ये गं चिंगे. बघ, गूळ!"

पोर दुडूदुडू आली. आईचं बोट धरलं. हुंगलं... आणि तोंड वाकडं करून बाबांच्या गुडघ्यामागे दडली.

"हाताला काय लागलंय, बेटी?"

"कडुनिंब. वाटून छातीला लावते. अंगावरचं दूध तोडायचंय ना तिचं. सगळ्याच आया लावतात."

"किती दिवस झाले?"

"तीन..."

शालनने आपली बोटं हुंगली. घामेजल्या तळव्यावर गूळ पाघळत होता.

बाबांनी ताटलीतला उरलेला गूळ तिच्या पदराला बांधला. गाठ नीट आवळली.

"हा हौसाला दे. आणि आळीत घरोघर सांग, बाबा अजून शब्द शोधतोय."